‘अ‍ॅनी’ (२०१४): अनाथाश्रमातल्या मुलीला फॉस्टर घरात आणताना

१९७७ च्या ब्रॉडवे संगीतिकेतली अ‍ॅनी १९३३ सालच्या न्यूयॉर्कमध्ये, महापालिकेच्या अनाथाश्रमात राहते. २०१४ च्या चित्रपटातली अ‍ॅनी राहते हार्लेममध्ये, कॉलीन हॅनिगन नावाच्या बाईच्या फ्लॅटवर, आणखी चार मुलींबरोबर. तिला कुणी अनाथ म्हटलं की ती तिथल्या तिथे सांगते, मी अनाथ नाही, फॉस्टर मुलगी आहे (सरकारने भत्ता देऊन तात्पुरती दुसऱ्याच्या घरी वाढवायला ठेवलेली). पटकथेतला सगळ्यात मोठा बदल हाच. नायिका कृष्णवर्णीय झाली, लाल कुरळे केस गेले, उद्योगपतीच्या हाती मोबाइल कंपनी आली, याची चर्चा भरपूर झाली. पण कथेचे सांधे हलले ते मुलीच्या कायदेशीर स्थितीमुळे. हा बदल जिथे शेवटपर्यंत पाळला तिथे चित्रपट भक्कम उभा आहे, आणि जिथे जुनं कथानक तसंच पुढे रेटलं तिथे तो डगमगतो.

दिग्दर्शन विल ग्लक यांचं, पटकथा ग्लक आणि अलीन ब्रॉश मॅकेना यांची. निर्मात्यांमध्ये विल स्मिथ, जेडा पिंकेट स्मिथ आणि रॅपर जे-झी. सुरुवातीला ही भूमिका स्मिथ दांपत्याची मुलगी विलो हिच्यासाठी योजली होती, पण काम लांबत गेलं आणि तिचं वय भूमिकेच्या पुढे निघून गेलं. मग क्वेन्झानी वॉलिस आली. आदल्याच वर्षी, वयाच्या नवव्या वर्षी, तिला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर नामांकन मिळालं होतं. त्या गटात इतक्या लहान वयात नामांकन मिळालेली ती पहिलीच.

जुनं कथानक कशावर चालत होतं

हॅरल्ड ग्रे यांची चित्रपट्टी ५ ऑगस्ट १९२४ रोजी वर्तमानपत्रात सुरू झाली. तिच्यावरून चार्ल्स स्ट्राउस (संगीत), मार्टिन चार्निन (गीतं) आणि टॉमस मीहान (संहिता) यांनी संगीतिका रचली. एप्रिल १९७७ मध्ये ती रंगमंचावर आली, अमेरिकन रंगभूमीचे सात टोनी पुरस्कार मिळाले आणि २,३७७ प्रयोग झाले.

तिची चौकट महामंदीची आहे. अब्जाधीश वॉरबक्स नाताळसाठी एक अनाथ मूल घरी आणतो. मुलीचा त्याला लळा लागतो, पण तिला हवे असतात तिचे खरे आईवडील. तो रेडिओवरून पन्नास हजार डॉलरचं बक्षीस जाहीर करतो. अनाथाश्रमाची व्यवस्थापिका हॅनिगन, तिचा भाऊ आणि त्याची मैत्रीण खोटे आईवडील बनून येतात, मुलीजवळच्या अर्ध्या लॉकेटचा दुसरा तुकडा दाखवतात. शेवटी सरकारी यंत्रणा खऱ्या आईवडिलांचा छडा लावते. ते केव्हाच वारलेले असतात. दत्तकविधानाचा रस्ता मोकळा होतो. मधल्या काळात अ‍ॅनी राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टना भेटते आणि तिच्या गाण्यातून ‘न्यू डील’ला, म्हणजे मंदीतून देश सावरण्याच्या त्यांच्या कार्यक्रमाला, उभारी मिळते.

या रचनेत मुलीची आशा एकटी उभी नाही, तिच्याभोवती देशाची हलाखी आहे. अनाथाश्रमातून पळालेली अ‍ॅनी बेघरांच्या झोपडवस्तीत पोहोचते. तिथली माणसं आधीचे राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचे उपरोधाने आभार मानत गातात. मुलीने उद्या चांगला दिवस उगवेल म्हणणं आणि देशाने तसं म्हणणं या दोन गोष्टी एकाच सुरात बांधलेल्या आहेत. म्हणून ‘टुमारो’ हे तिचं गाणं गोडगोड होत नाही.

२०१४ साठी काय काय बदलावं लागलं

अमेरिकेत मोठे अनाथाश्रम हा मार्ग फार आधीच मागे पडला. १९०९ साली तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बोलावलेल्या व्हाइट हाउस परिषदेने निराधार मुलांना शक्यतो कुटुंबात वाढवावं अशी भूमिका घेतली आणि पुढच्या दशकांत व्यवस्था हळूहळू तिकडे वळली. आजच्या न्यूयॉर्कमध्ये आईवडील सांभाळू शकत नसलेलं मूल शहराच्या बालसेवा विभागाच्या अखत्यारीत, कौटुंबिक न्यायालयाच्या देखरेखीखाली, परवानाधारक फॉस्टर घरात ठेवलं जातं. त्या घराला मुलामागे ठरावीक भत्ता मिळतो. त्यामुळे अनाथाश्रम ठेवून फक्त मोबाइल आणणं शक्यच नव्हतं.

या बदलामुळे पटकथेला तीन गोष्टी आपोआप मिळाल्या.

हॅनिगनचा हेतू स्पष्ट झाला. अनाथाश्रमाची व्यवस्थापिका पगारी नोकर होती. तिचा वैताग कळायचा, पण मुली तिने मागितलेल्या नव्हत्या. फॉस्टर घर चालवणाऱ्या बाईने मुली आपणहून घेतलेल्या असतात, पैशासाठी. मुलगी गेली की भत्ता गेला. कॅमेरॉन डियाझच्या हॅनिगनला यावर आणखी एक पदर दिला आहे. ती गायिका व्हायला निघालेली आणि ऐन मोक्याच्या वेळी गटातून काढून टाकलेली बाई आहे. तिचा संताप मुलींपेक्षा हुकलेल्या आयुष्यावर जास्त आहे, आणि शेवटी तिचं मन वळतं त्याची तयारी इथेच होते.

दुसरं म्हणजे मुलीला शहर मिळालं. अनाथाश्रमातली मुलगी बाहेर पडली की ती ‘पळालेली’ असते. फॉस्टर मुलगी सरकारी शाळेत जाते, रस्त्यावर फिरते, खालच्या दुकानदाराशी गप्पा मारते. अ‍ॅनी दर शुक्रवारी एका इटालियन रेस्टॉरंटसमोर बसून राहते, कारण आईवडिलांनी तिला तिथे सोडलं आणि परत येण्याची चिठ्ठी ठेवली. जुन्या अ‍ॅनीची आशा मनात होती. या अ‍ॅनीच्या आशेला वार आहे, पत्ता आहे आणि ठरलेली वेळ आहे. पडद्यावर ती दाखवता येते, सांगावी लागत नाही. संपूर्ण रूपांतरात इतकी नेमकी जागा दुसरी नाही.

तिसरं, श्रीमंत माणसाच्या दारी मुलगी येण्याचं कारण. विल स्टॅक्स (जेमी फॉक्स) मोबाइल कंपनीचा मालक आणि न्यूयॉर्कच्या महापौरपदाचा उमेदवार आहे. तो अ‍ॅनीला गाडीखाली येता येता वाचवतो, कुणीतरी चित्रफीत काढतं, ती पसरते आणि मतचाचण्यांतले त्याचे आकडे चढतात. प्रचार सल्लागार गाय (बॉबी कॅनव्हाली) ते आकडे टिकवण्यासाठी मुलीला काही दिवस घरी ठेवायला सुचवतो. वॉरबक्सच्या नाताळच्या दानधर्माच्या जागी प्रचाराचा हिशेब आला, आणि अ‍ॅनीला तो ठाऊक आहे. ती त्या हिशेबात स्वतःची बाजूही बघते. त्यामुळे तिचं हसतमुख असणं भाबडं राहत नाही, ती व्यवहार ओळखून हसते. प्रतिस्पर्धी महापौराचं नाव हॅरल्ड ग्रे ठेवून मूळ चित्रकारालाही मान दिला आहे.

कायद्याच्या अंगाने

ज्यांना अशी गोष्ट लिहायची आहे त्यांनी हा भाग मुद्दाम बारकाईने पाहावा, कारण फॉस्टर मूल म्हणजे प्रत्येक पावलाला कागद.

चित्रपटात स्टॅक्सची सहायक ग्रेस (रोझ बर्न) हॅनिगनकडे जाते, ताब्याचं जुळवते, आणि बालसेवेची एक अधिकारी घर पाहायला येते. पाहता पाहता तीही गाण्यात सामील होते. हा प्रसंग मस्त रंगला आहे आणि संगीतपटात तेवढी सूट असावीच. पण प्रत्यक्षात फॉस्टर आई मूल दुसऱ्याला देऊ शकत नाही. तिच्याकडे रोजची देखभाल असते, ताबा शासनाचा असतो. अनोळखी माणसाच्या घरी मूल हलवायचं तर बोटांचे ठसे, बालछळाच्या राज्य नोंदवहीची तपासणी, वैद्यकीय दाखला, ओळखीच्या लोकांचे अभिप्राय, घराची पाहणी आणि प्रशिक्षण हे सगळं लागतं. तातडीची तात्पुरती सोय वेगळी, पण तीही न्यायालयाच्या नजरेखाली.

याहून मोठी अडचण जुन्या कथानकातून इथेही आणलेल्या खोट्या आईवडिलांची. १९३३ मध्ये लॉकेटचा अर्धा तुकडा पुरत होता. २०१४ च्या न्यूयॉर्कमध्ये सहा महिने मुलाशी काहीच संपर्क न ठेवणं हा ‘त्याग’ ठरू शकतो आणि त्यावरून पालकत्वाचे हक्क रद्द होऊ शकतात. शिवाय १९९७ च्या संघीय कायद्याप्रमाणे मूल गेल्या २२ पैकी १५ महिने फॉस्टर व्यवस्थेत असेल, तर काही अपवाद सोडता, हक्क रद्द करण्याचा अर्ज करणं शासनावर बंधनकारक आहे. म्हणजे अ‍ॅनीसारखी, वर्षानुवर्षं व्यवस्थेत असलेली आणि पालकांचा पत्ता नसलेली मुलगी कायद्याने केव्हाच दत्तकासाठी मोकळी झालेली असायला हवी. निवडणुकीच्या धामधुमीत कुणी जोडपं आलं आणि त्याच संध्याकाळी तिला गाडीत बसवून घेऊन गेलं, हे घडायला मधल्या सगळ्या माणसांनी डोळे मिटलेले असावे लागतात. प्रेक्षक कायदा वाचून येत नाही हे खरं. पण तपासणीला येणारी अधिकारी दाखवून पटकथेने ही व्यवस्था आपणच उभी केली आहे, आणि मग गरजेच्या वेळी ती गायब होते. खटकतं ते हे.

उपाय फार लांब नव्हता. फॉस्टर मुलांच्या गोष्टीत खरा ताण असतो तो घर बदलण्याचा. आज इथे, उद्या एका फोनवर दुसऱ्या टोकाला, पिशवीत कपडे भरून. खोटे आईवडील आणण्याऐवजी प्रचार संपताच मुलीला दुसऱ्या घरी हलवण्याचा आदेश आला असता, तर तेवढाच धोका तयार झाला असता आणि तो खराही वाटला असता.

एक बाब मात्र पटकथेने फार चांगली हेरली आहे. फॉस्टर मुलांची ओळख पटेल असे फोटो सार्वजनिक करण्यावर बंधनं असतात, आणि इथे तर सगळा प्रचारच मुलीच्या चेहऱ्यावर चालतो. जे साधन तिला वापरून घेतं त्याच साधनाने ती सापडते: रस्त्यावरची मुलं तिला गाडीत ओळखतात, फोटो टाकतात आणि त्या फोटोंवरून गाडीचा माग लागतो. रेडिओच्या जागी मोबाइल आणण्याचा याहून चांगला उपयोग सुचणं कठीण.

महाराष्ट्रात ही गोष्ट मांडायची कुणाच्या मनात असेल तर हॅनिगनचं घर जसंच्या तसं बसणार नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या कलम ४४ मध्ये फॉस्टर केअर आहे, आदेश बालकल्याण समितीचा लागतो. पण आपल्याकडे लोकांच्या परिचयाची आहे ती बालसंगोपन योजना, आणि तिचे दरमहा २,२५० रुपये बहुतेक वेळा आजी, मामा किंवा एकट्या आईच्या घरात जातात. पाच परक्या मुली घेऊन भत्त्यावर जगणारी बाई इथे खोटी वाटेल. बालगृह किंवा मामाचं घर खरं वाटेल, आणि मामाच्या घरात तर नाट्य कितीतरी जास्त आहे.

वाचता न येणारी मुलगी

मूळ संगीतिकेत नसलेली आणि या चित्रपटाने स्वतः कमावलेली गोष्ट म्हणजे अ‍ॅनीला वाचता येत नाही.

तिची पेरणी पहिल्याच प्रसंगात आहे. वर्गात निबंधवाचन चाललं आहे. आधी अ‍ॅनी नावाचीच एक लाल कुरळ्या केसांची मुलगी उभी राहते, वाचते आणि नाचून संपवते. जुनी अ‍ॅनी अशी निरोप घेऊन जाते. मग दुसऱ्या अ‍ॅनीचं नाव पुकारलं जातं. विषय रूझवेल्ट आणि न्यू डील. तिच्या हातात कागद नाही. ती अख्ख्या वर्गाला कामाला लावते, गरीब-श्रीमंत असे गट पाडते, बाकांवर ठेका धरायला लावते आणि १९३३ ची मंदी सादर करते. पहिल्यांदा पाहताना ही हुशारी वाटते. पुढे गुगनहाइम संग्रहालयातल्या समारंभात ती लाल झग्यात नवं गाणं गाते, टाळ्या पडतात, आणि लगेच तिला समोरच्या पडद्यावरचं भाषण वाचायला सांगतात. ती गोंधळते, पळून जाते. तेव्हा वर्गातला तो बिनकागदाचा निबंध नव्याने कळतो: पाठांतर, बोलघेवडेपणा, विनोद, गाणं हे सगळं न वाचता तग धरण्याचे मार्ग होते.

फॉस्टर व्यवस्थेशी याचा थेट संबंध आहे. घर बदललं की शाळा बदलते, शाळा बदलली की शिकवणं मधेच तुटतं, आणि नव्या वर्गात शेवटच्या बाकावरची गप्प मुलगी कुणाच्या लक्षात येत नाही. २००८ च्या संघीय कायद्याने शक्य तिथे मुलाची आधीची शाळा टिकवण्याची जबाबदारी यंत्रणेवर टाकली, ती याच कारणाने. चित्रपट हे उलगडून सांगत नाही, आणि सांगायला हवं होतं. दोन वाक्यं पुरली असती: ही तिची कितवी शाळा, आणि मधे किती महिने बुडाले. ती नसल्यामुळे न वाचता येणं अ‍ॅनीचं एकटीचं गुपित राहतं, व्यवस्थेचं अपयश होत नाही. तरीही मुलांसाठीच्या चित्रपटात आनंदी नायिकेला अशी खरी लाज देणं ही धाडसाची गोष्ट होती, आणि वॉलिस तो क्षण डोळ्यांतून पेलते.

गाणी: काय ठेवलं, काय सोडलं

जुनी गाणी बरीच ठेवली: ‘मेबी’, ‘हार्ड नॉक लाइफ’, ‘टुमारो’, ‘लिटल गर्ल्स’, ‘ईझी स्ट्रीट’. नवीन आली ती मुख्यतः सिया आणि ग्रेग कर्स्टिन यांच्याकडून. ‘ऑपॉर्च्युनिटी’ला गोल्डन ग्लोब नामांकन मिळालं. जे-झी निर्माता असण्यामागेही गाण्याचाच धागा आहे. १९९८ मध्ये त्याने ब्रॉडवे ध्वनिमुद्रणातल्या ‘हार्ड नॉक लाइफ’ या मुलींच्या समूहगानावर आपलं रॅप बांधलं आणि ते गाणं पुन्हा रस्त्यावर आणलं.

‘हार्ड नॉक लाइफ’ फॉस्टर घरात चपखल बसलं आहे. तपासणी होणार म्हणून मुलींना उठवून फ्लॅट साफ करायला लावतात, आणि झाडण्या-पुसण्याच्या आवाजांतून ताल उभा राहतो. काम, ताल आणि तक्रार एका जागी येतात, म्हणून गाणं बाहेरून चिकटवल्यासारखं वाटत नाही. ‘टुमारो’ची जागाही विचारपूर्वक निवडली आहे. आपल्या फायलीत आईवडिलांविषयी काहीच नाही हे कळल्यावर अ‍ॅनी रस्त्याने एकटी निघते, आणि दुकानांच्या काचांत तिला सुखी कुटुंबांची प्रतिबिंबं दिसतात. रंगमंचावर हे गाणं कुत्र्याला जवळ घेऊन समोर पाहत गातात. इथे ते चालत, शहराकडे बघत येतं.

बिघडलं ते आवाजात. रंगमंचावर हे गाणं छातीच्या आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचेल असं म्हटलं जातं. तशा गळ्याची मुलगी मिळणं हीच निवडीची पहिली अट असते. वॉलिस त्या पठडीतली गायिका नाही. तिचा आवाज लहान, खरखरीत आणि बोलण्याच्या जवळचा. अशा आवाजासाठी साधी वाट असते: पट्टी खाली घ्या, वाद्यं कमी करा, श्वास ऐकू द्या, ओळी बोलल्यासारख्या येऊ द्या. चित्रपटाने उलट केलं. रेडिओवरच्या पॉपसारखे ढोलठोके, एकावर एक चढवलेले आवाज आणि सूर सरळ करणारी यांत्रिक दुरुस्ती. अशा दुरुस्तीत सुरावरून सुरावर जातानाची घसरण पुसली जाते, आणि मुलाच्या गळ्याची ओळख नेमकी त्या घसरणीत असते. त्यात संवाद सेटवरचे, खोलीची गुंज असलेले. गाणं स्टुडिओतलं, माइकला तोंड लावून घेतलेलं. दोन्हींमधला सांधा बुजवायला खोलीची तीच गुंज गाण्याच्या पहिल्या ओळींवर चढवून हळूहळू काढावी लागते. इथे अनेक ठिकाणी मुलगी बोलता बोलता एकदम दुसऱ्याच खोलीत गेल्यासारखी वाटते. समीक्षकांनी या यांत्रिक आवाजावर झोड उठवली, आणि ती टीका रास्त आहे.

सोडलेल्या गाण्यांत सगळ्यात मोठी हानी झोपडवस्तीच्या गाण्याची. हूव्हरचं नाव आज चाललं नसतं हे मान्य. पण त्याच्या जागी काहीच आलं नाही. २०१४ च्या न्यूयॉर्कमध्ये बेघर कुटुंबांचे निवारे होते, भाड्याने कंबरडं मोडलेली माणसं होती. त्यांना एकही गाणं नाही. त्यामुळे गरिबी हॅनिगनच्या एका फ्लॅटपुरती उरते, बाकी शहर हेलिकॉप्टरमधून चमचमताना दिसतं, आणि अ‍ॅनीच्या आशेला साथ द्यायला देश उरत नाही.

शेवटाचंही तसंच. खऱ्या आईवडिलांचा छडा हा चित्रपट लावत नाही. हा निर्णय योग्य, कारण खऱ्या फॉस्टर मुलांना असा उलगडा क्वचितच मिळतो. पण मग अ‍ॅनीने रेस्टॉरंटसमोर बसणं कधी थांबवलं, कसं थांबवलं, याला एक शांत प्रसंग हवा होता. त्याऐवजी हेलिकॉप्टरचा पाठलाग येतो.

पैसा आणि गळती

खर्च सुमारे साडेसहा कोटी डॉलर. नोव्हेंबर २०१४ मध्ये चित्रपट आणणाऱ्या सोनी कंपनीच्या संगणकांवर हल्ला झाला आणि प्रदर्शित न झालेले काही चित्रपट इंटरनेटवर फुटले. त्यात ‘अ‍ॅनी’ही होता, प्रदर्शनाच्या तीनेक आठवडे आधी. पहिल्या शुक्रवार ते रविवारची कमाई सुमारे १.५९ कोटी डॉलर, क्रमांक तिसरा. समोर ‘द हॉबिट’ आणि ‘नाइट अ‍ॅट द म्युझियम’ या मालिकांचे शेवटचे भाग होते. तरीही अमेरिकेतली एकूण कमाई ८.५ कोटींच्या वर गेली, म्हणजे सुरुवातीच्या पाचपटीहून जास्त. नाताळच्या सुटीत कुटुंबांच्या चित्रपटाला असा लांब पल्ला मिळतो, कारण निर्णय मुलं घेतात आणि तिकिटं आजी-आजोबा काढतात. जगभरची कमाई १३ कोटींच्या पुढे. त्यातला साधारण निम्मा वाटा चित्रपटगृहांचा आणि प्रसिद्धीचा खर्च वेगळा, हे धरलं तर नफ्याची रेघ बारीकच राहते. फुटलेल्या प्रतीने नेमकं किती नुकसान केलं याचा हिशेब मांडणं अवघड. लहान मुलांना घेऊन बाहेर पडणाऱ्या कुटुंबावर चोरीच्या प्रतीचा परिणाम तुलनेने कमी होतो, असं या आकड्यांवरून म्हणता येतं.

समीक्षकांनी झोडपलं आणि सर्वांत वाईट पुनर्निर्मितीचा रॅझी (वाईट चित्रपटांना देणारा खोचक पुरस्कार) मिळाला. पण चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांनी सिनेमास्कोअरच्या पाहणीत ‘ए उणे’ दिलं, आणि वॉलिसला गोल्डन ग्लोब नामांकन मिळालं. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. समीक्षक गाणी ऐकत होते, मुलं अ‍ॅनीला बघत होती.

सात वर्षांनी, २ डिसेंबर २०२१ रोजी, अमेरिकन दूरचित्रवाणीवर हीच संगीतिका थेट सादर झाली. सेलिना स्मिथ ही कृष्णवर्णीय मुलगी अ‍ॅनी झाली, आणि काळ मात्र १९३३ चाच ठेवला: अनाथाश्रम, रेडिओ, रूझवेल्ट, झोपडवस्ती, सगळं जागच्या जागी. तिथे लॉकेटचा अर्धा तुकडा पुन्हा पुरला.